त्रिविध अश्वारोहण स्पर्धा : पात्रता आणि प्रवेशाचे नियम
(द्वितीय वर्ष, कला)

२ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचा अश्वारोहक फवाद मिर्झा हा आपल्या 'सेन्यॉर मेडिकॉट' या घोड्यासह अंतिम फेरीत उतरला आणि तेविसावा आला. ऑलिंपिकमधील अश्वारोहणाची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय होय. वृत्तपत्रांनी ही बातमी कौतुकाने छापली. पण तेविसाव्या क्रमांकाचे एवढे कौतुक कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर त्या एका दिवसाच्या खेळात सापडत नाही. ते त्याआधीच्या अडीच वर्षांत, म्हणजेच स्पर्धेच्या दारापर्यंत पोहोचण्याच्या नियमांत सापडते. सामान्यतः आपण खेळाचे नियम वाचतो. खेळात प्रवेश कोणाला, याचे नियम वाचत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या नियमांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

स्पर्धेचे स्वरूप

इंग्रजीत 'इव्हेंटिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत एकाच स्वाराला एकाच घोड्यावर तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली 'ड्रेसाज'. हिच्यात आखलेल्या चौकोनी मैदानात घोड्याने ठरलेल्या चाली, वळणे व थांबे शांतपणे करून दाखवायचे असतात आणि परीक्षक त्याला गुण देतात. दुसरी 'क्रॉस कंट्री'. हिच्यात मोकळ्या रानातून दौडत ओंडके, चर, पाणी, उतार असे पक्के अडथळे ठरावीक वेळेत ओलांडायचे असतात. तिसरी 'शो जंपिंग'. हिच्यात धक्का लागताच खाली पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या मारायच्या असतात. पहिलीत आज्ञाधारकपणा, दुसरीत धैर्य व दम, आणि आदल्या दिवशीच्या श्रमानंतरही अंगात किती तोल व ताजेपणा उरला आहे, हे तिसरीत पाहिले जाते.

गुणदानाची पद्धत आपल्या परीक्षांच्या उलट आहे. येथे दंडगुण मोजतात. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो पहिला. ड्रेसाजमध्ये ७२ टक्के मिळाले, तर शंभरातून ते वजा करून २८ दंडगुण धरतात. क्रॉस कंट्रीमध्ये घोड्याने एखाद्या अडथळ्यापाशी नकार दिला तर २० दंडगुण, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा नकार दिला तर आणखी ४०. ठरलेल्या वेळेपेक्षा जेवढे सेकंद जास्त लागतील त्या प्रत्येकाला ०.४ दंडगुण. शो जंपिंगमध्ये पाडलेल्या प्रत्येक दांडीला ४ दंडगुण.

हे गणित मिर्झा याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ड्रेसाजमध्ये त्याचे २८ दंडगुण झाले. क्रॉस कंट्रीमध्ये ११.२० वाढले, म्हणजे घोड्याने कोठेही नकार दिला नाही, केवळ २८ सेकंद उशीर झाला. शो जंपिंगमध्ये दोन दांड्या पडल्या, त्यांचे ८. एकूण ४७.२०. पहिल्या पंचविसांत आल्यामुळे तो उड्यांच्या शेवटच्या फेरीस पात्र ठरला, आणि तेथे १२.४० ची भर पडून ५९.६० वर थांबला.

प्रवेशाच्या नियमांचा पूर्वेतिहास

ही स्पर्धा लष्कराच्या तबेल्यात जन्माला आली. घोडदळातील अधिकाऱ्याचा घोडा संचलनात डौलदार, रणात निर्भय आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला तयार असला पाहिजे, ही त्या काळची गरज होती. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती प्रथम समाविष्ट झाली तेव्हा प्रवेश केवळ लष्करी अधिकाऱ्यांना होता. साधा शिपाई, शेतकरी, व्यापारी यांना प्रवेश नव्हता. स्त्रियांचा तर विचारही नव्हता. १९२१ साली आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ स्थापन झाला. तरी ऑलिंपिकमधील हा दंडक पुढेही टिकून राहिला.

हा दंडक किती टोकाला गेला होता हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दिसले. प्रसंग ड्रेसाजच्या सांघिक स्पर्धेचा आहे, पण प्रवेशाचा नियम तोच होता. स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघातील गेनाल पर्सन हा हुद्द्याने सार्जंट होता. खेळांपूर्वी त्याला तात्पुरती बढती देऊन अधिकारी करण्यात आले आणि खेळ संपल्यावर थोड्याच दिवसांत तो पुन्हा सार्जंट झाला. ही गोष्ट उघड होताच १९४९ साली महासंघाने स्वीडनचा संघ अपात्र ठरवला व सुवर्णपदक फ्रान्सकडे गेले. पर्सनच्या घोडेस्वारीत खोट निघाली नव्हती. खोट निघाली ती त्याच्या खांद्यावरच्या पट्टीत!

या प्रकरणानंतर नियमच बदलला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून अधिकारी नसलेल्यांना आणि नागरिकांनाही प्रवेश मिळाला. त्या वर्षी सेंट सिर, बोल्टेनस्टर्न आणि पर्सन हेच तिघे स्वीडनतर्फे उतरले आणि त्यांनी सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांनी त्यांनी ते पुन्हा मिळवले. माणूस तोच, कौशल्य तेच. १९४९ साली तो अपात्र होता व १९५२ साली पात्र होता. नियम माणसाची पारख करतो असे आपण समजतो. येथे मात्र नियमाचीच पारख झाली.

स्त्रियांचा प्रवेश टप्प्याटप्प्याने झाला. १९५२ साली ड्रेसाजचे दार उघडले आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल हिने रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे तिचे पाय गुडघ्याखाली अधू झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या पदकाचे मोल कळते. इव्हेंटिंग मात्र 'स्त्रियांसाठी फार धोक्याचे' म्हणून आणखी बारा वर्षे बंद राहिले. १९६४ साली टोकियोमध्ये अमेरिकेची लाना ड्यू पाँट ही या स्पर्धेत उतरणारी पहिली स्त्री ठरली आणि संघाबरोबर रौप्यपदक घेऊन परतली. आज या खेळात स्त्री-पुरुष असे वेगळे गट नाहीत. एकाच मैदानात, एकाच नियमाने, एकाच पदकासाठी दोघे उतरतात.

आजचे नियम : जागा निराळी, पात्रता निराळी

आजच्या ऑलिंपिक प्रवेशाचे तीन स्वतंत्र टप्पे आहेत. त्यांची गल्लत होत असल्यामुळे ते वेगळे करून पाहणे इष्ट ठरेल.

पहिला टप्पा जागेचा. टोकियोमध्ये इव्हेंटिंगसाठी एकूण ६५ जागा होत्या. तीन स्वारांचा एक याप्रमाणे १५ संघांच्या ४५, आणि उरलेल्या २० वैयक्तिक. ज्या देशाला संघ मिळत नाही त्याला वैयक्तिक जागांसाठी झगडावे लागते. त्यासाठी जगाचे प्रादेशिक गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटातील क्रमवारीत वर असणाऱ्यांना जागा मिळते. भारत आग्नेय आशिया व ओशिआनिया यांच्या गटात होता. या गटात २०१९ अखेरच्या क्रमवारीत मिर्झा अव्वल ठरला आणि भारताला जागा मिळाली. 'भारताला' हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला आहे. जागा राष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नावे असते. ती मिळवणाऱ्या स्वाराच्या मालकीची नसते.

दुसरा टप्पा किमान पात्रतेचा. जागा हाती असली तरी स्वार व घोडा यांनी त्या दर्जाची स्पर्धा सुरक्षितपणे पार पाडू शकतो हे आधी सिद्ध करावे लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना एक ते पाच तारे दिलेले आहेत. पाच तारे म्हणजे इंग्लंडमधील बॅडमिंटन किंवा बर्ले यांसारख्या सर्वांत कठीण स्पर्धा. टोकियोसाठी अट अशी होती : पंचतारांकित दीर्घ स्पर्धा एकदा, अथवा चारतारांकित दीर्घ व चारतारांकित लघु अशा दोन स्पर्धा, किमान पात्रतेसह पूर्ण केलेल्या असाव्यात. किमान पात्रतेची व्याख्या अशी आहे :

(१) ड्रेसाजमध्ये किमान ५५ टक्के, म्हणजे ४५ पेक्षा जास्त दंडगुण नकोत.
(२) क्रॉस कंट्रीमध्ये अडथळ्यावर एकही नकार नको. आणि चारतारांकित स्पर्धेत ठरलेल्या वेळेपेक्षा ७५ सेकंदांहून, पंचतारांकित स्पर्धेत १०० सेकंदांहून अधिक उशीर नको.
(३) शो जंपिंगमध्ये अडथळ्यांचे १६ पेक्षा जास्त दंडगुण नकोत; म्हणजे चार दांड्यांपर्यंत माफी.

या तीन ओळींवर क्षणभर थांबून विचार करावा. समजा, चारतारांकित स्पर्धेत एका स्वाराचे ड्रेसाजचे ४५, उशिराचे ३० आणि दांड्यांचे १६ असे एकूण ९१ दंडगुण झाले. तो निकालपत्रात तळाशी असेल, तरीही पात्र आहे. दुसऱ्याचे ड्रेसाजचे केवळ २५, उशीर नाही, दांडी नाही. परंतु रानातल्या एका चरापाशी घोडा एकदा अडला. त्याची बेरीज ४५. पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी! तरी तो अपात्र. हा अन्याय नव्हे काय? वरवर पाहता तसे वाटते. पण ही परीक्षा 'कोण सरस' हे विचारत नाही, 'कोण सुखरूप परतेल' हे विचारते. ड्रेसाजमध्ये चूक झाली तर गुण जातात. पक्क्या ओंडक्यापाशी चूक झाली तर जीव जातो. १९९९ या एका वर्षात ब्रिटनमध्ये या खेळात पाच स्वारांना प्राण गमवावे लागले, आणि त्यानंतर सुरक्षिततेचे नियम कठोर होत गेले.

पूर्वीचा दृष्टिकोन अगदी वेगळा होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीचा फॉन वांगेनहाइम घोड्यावरून पडला, त्याचे गळपट्टीचे हाड मोडले, तरी पुन्हा स्वार होऊन त्याने संघासाठी स्पर्धा पूर्ण केली व तो वीर ठरला. आज क्रॉस कंट्रीमध्ये स्वार पडला की तो तत्काळ बाद होतो. त्याला पुन्हा स्वार होऊ दिले जात नाही. आजच्या नियमाला असे शौर्य नको आहे.

तिसरा टप्पा प्रवेशिकेचा. कोणताही स्वार स्वतः अर्ज धाडून ऑलिंपिकला किंवा अजिंक्यपद स्पर्धेला उतरू शकत नाही. प्रवेशिका त्याच्या देशाच्या संस्थेमार्फतच जाते. शिवाय राष्ट्रीय संस्था आंतरराष्ट्रीय किमान अटींपेक्षा कडक अटी घालू शकते. सैल करू शकत नाही.

पात्रता जोडीची

या नियमांतील सर्वांत लक्षणीय बाब ही की, ऑलिंपिकची किमान पात्रता एकट्या स्वाराची नसते आणि एकट्या घोड्याचीही नसते. ती दोघांची मिळून असते. एका घोड्यावर पात्र ठरलेला स्वार दुसऱ्या घोड्यावर आपोआप पात्र होत नाही. म्हणूनच २०१९ साली जागा मिळूनही मिर्झाचे काम संपले नव्हते. मे २०२१ मध्ये पोलंडमधील बाबोरुवको येथे त्याने 'सेन्यॉर मेडिकॉट' आणि 'दजारा ४' या दोन्ही घोड्यांवर पात्रतेची अट पूर्ण केली. आधी त्याने दजाराची निवड केली होती. ऐन वेळी ती बदलून मेडिकॉटला नेले. दोन्ही जोड्या पात्र होत्या, म्हणूनच हा बदल शक्य झाला.

जोडीचा आग्रह का, हे टोकियोमध्येच दुसऱ्या एका खेळाने दाखवून दिले. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये घोडा चिठ्ठी टाकून मिळत असे आणि अनोळखी घोड्याशी ओळख करून घ्यायला अवघी काही मिनिटे मिळत. ६ ऑगस्ट २०२१ रोजी आघाडीवर असलेल्या जर्मन स्पर्धक स्त्रीला मिळालेला घोडा बिथरला, उड्या मारीना. ती रडत रडत त्याला चाबूक मारीत असल्याचे दृश्य जगभर दिसले. पुढे त्या खेळातून, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर, घोडेस्वारीच काढून टाकण्यात आली. ओळख नसलेल्या दोघांना एकत्र बांधून त्यांच्याकडून विश्वासाची अपेक्षा करता येत नाही, हे या घटनेवरून दिसते.

घोड्याची कागदपत्रे

आमच्या खानदेशात सारंगखेड्याचा घोडेबाजार प्रसिद्ध आहे. तेथे जाणकार माणूस घोड्याचे तोंड उघडून दातांवरून वय सांगतो, अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरवतो आणि चालवून पाहून पाय ओळखतो. महासंघाच्या नियमांत भोवऱ्यांना स्थान नाही. परंतु वय आणि पाय या दोन गोष्टी तेथेही कसून पाहिल्या जातात.

ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगसाठी घोडा किमान आठ वर्षांचा आणि स्वार किमान अठरा वर्षांचा असावा लागतो. घोड्याला स्वतःचे पारपत्र असते. त्यात त्याचे वर्णन, मालक आणि लसीकरणाच्या नोंदी असतात. एन्फ्लुएंझाची लस स्पर्धास्थळी पोहोचण्यापूर्वीच्या सहा महिने व एकवीस दिवसांच्या आत टोचलेली असावी लागते. कातडीखाली बसवलेल्या सूक्ष्म चिपवरून ओळख पटवतात. मालकीचीही अट आहे : ऑलिंपिकच्या वर्षी १५ जानेवारीपर्यंत घोडा स्वाराच्याच देशाच्या मालकाच्या नावे नोंदलेला पाहिजे. एखाद्या धनाढ्य देशाने ऐन वेळी दुसऱ्याचा तयार घोडा विकत घेऊन पदक पळवू नये, यासाठी ही तारीख आहे.

शेवटी प्रत्यक्ष तपासणी. ड्रेसाजपूर्वी एकदा आणि शो जंपिंगपूर्वी पुन्हा एकदा घोड्याला परीक्षक व पशुवैद्य यांच्यापुढून दुडक्या चालीने नेतात. तो किंचित लंगडला तरी स्पर्धेबाहेर. तेथे पदकाची आशा, प्रवासाचा खर्च, देशाची प्रतिष्ठा यांपैकी काहीही कामाला येत नाही. इतकी काळजी घेऊनही टोकियोत स्वित्झर्लंडच्या 'जेट सेट' या घोड्याच्या पायाचा अस्थिबंध क्रॉस कंट्रीमध्ये तुटला आणि त्याला कायमचे निजवावे लागले. मुक्या जनावराला 'आज मला जमणार नाही' असे सांगता येत नाही. त्याच्या वतीने ते सांगण्याची जबाबदारी नियमाने घेतली आहे.

भारत आणि हे नियम

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत अश्वारोहणाचा प्रथमच समावेश झाला आणि इव्हेंटिंगमधील वैयक्तिक तिन्ही पदके भारताने जिंकली : रघुबीर सिंग सुवर्ण, गुलाम महंमद खान रौप्य, प्रल्हाद सिंग कांस्य. सांघिक सुवर्णही आपलेच होते. ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये मात्र १९८० ला मॉस्कोत संघ, १९९६ ला इंद्रजित लांबा, २००० ला मुंबईचा इम्तियाज अनीस आणि त्यानंतर थेट २०२१ चा मिर्झा, एवढीच आपली वाटचाल आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत मिर्झाने वैयक्तिक व भारताने सांघिक रौप्य मिळवले. २०२३ साली हांगझोऊ येथे ड्रेसाजच्या संघाने एकेचाळीस वर्षांनी अश्वारोहणातील सुवर्ण आणले. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता.

ज्या देशात घोडदळाची परंपरा एवढी जुनी, तेथे ऑलिंपिकपटू इतके विरळ का? याचे एक कारण पात्रतेच्या नियमांतच दडलेले आहे. पात्रतेला चार-पाच तारांकित स्पर्धा हव्यात, आणि त्या प्रामुख्याने युरोपात होतात. भारतातला घोडा तेथे नेणे रोगप्रतिबंधक निर्बंधांमुळे आजवर जवळजवळ अशक्य होते. म्हणून आपले स्वार जर्मनीसारख्या देशात राहतात आणि घोडेही तेथेच ठेवतात. २०२५ साली मीरत येथील लष्कराच्या अश्व व पशुवैद्यक केंद्रातील रोगमुक्त विभागास जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्यामुळे भारतातून घोडे परदेशी नेण्याची वाट मोकळी होण्यास मदत होईल. पण परदेशातील वास्तव्य, घोड्याची किंमत, त्याचा चारा, पशुवैद्य व प्रवास यांचा खर्च उरतोच.

येथे एक विचार मांडावासा वाटतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे 'प्रवेश' हा शब्द मला नुसता कागदावरचा वाटत नाही. प्रवेशाचे नियम वाचताना माझ्या लक्षात आले की, त्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार विचारतो, 'तू कोण?' अधिकारी की सार्जंट, पुरुष की स्त्री? असे नियम अन्यायाचे होते आणि ते गेले. दुसरा प्रकार विचारतो, 'तुला हे सुखरूप जमते का?' पंचावन्न टक्के, विनानकार दौड, निरोगी पाय. हे नियम कठोर असले तरी न्याय्य आहेत आणि ते राहिले पाहिजेत. कारण ते सैल केले तर त्याची किंमत घोडा मोजतो. तिसरा प्रकार मात्र कोठेही छापलेला नसतो. तो विचारतो, 'तुझ्यापाशी तिथवर पोहोचण्याचे साधन आहे का?' १९५२ नंतर सार्जंटला दार उघडले. पण ज्याला घोडाच परवडत नाही त्याच्यासाठी ते उघडून काय उपयोग?

आपल्याकडे या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी लष्कराने दिले आहे. १९८२ चे विजेते लष्करातून आले होते. सरकारी तबेल्यातील घोड्यावर साध्या घरातला मुलगाही स्वार होऊ शकतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्रांना आजही घोडेस्वारी शिकवली जाते. आता मीरतची सोय झाली आहे. तिचा लाभ केवळ खासगी मालकांच्या घोड्यांना न होता, जेथे हुद्दा आणि पैसा न पाहता स्वार घडवले जातात अशा तबेल्यांनाही मिळाला, तर पात्रतेच्या त्या तीन ओळी खऱ्या अर्थाने सर्वांसाठी खुल्या होतील. नियम सैल करण्याची मागणी कोणी करू नये. पंचावन्न टक्क्यांची अट पंचावन्नच राहावी. पण ती परीक्षा द्यायला बसण्याची संधी आज मूठभरांना आहे. ती वाढवणे आपल्या हाती आहे.